उडीखालची जमीन

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात जयपूर येथील मुरलीपुरा भागात झालेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



खानापूर-आटपाडीच्या कोरड्या माळावरून निघालेली आपली गलाई मंडळी सोने-चांदी गाळण्याची मूस आणि भाता घेऊन भारतभर कशी पसरली, हे मी भूगोलाच्या तासाला अनेकदा सांगितले आहे. नकाशावर बोट ठेवून सांगणे निराळे आणि सीकर रस्त्यालगतच्या या वस्तीत, मुरलीपुऱ्यात, एका गच्चीवर बसून भाकरी-ठेचा खाणे निराळे. दोन दिवसांत मी इथे इतके 'बाई, बाई' ऐकले, की शाळा सुटून तीस वर्षे झालेली माणसेही मला पुन्हा बाकावर बसलेली दिसू लागली.

आपल्या शाळेला साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्या निमित्ताने जुन्या सभागृहाचे रूपांतर व्यायामशाळेत करावे आणि तेथे जिम्नॅस्टिक्स व मल्लखांब यांचा नियमित सराव सुरू व्हावा, असा संकल्प शाळा समितीने केला आहे. तुम्ही जयपूरकरांनी त्यासाठी सर्वांच्या आधी हात पुढे केला. तुमच्यापैकी एकाने पत्रात लिहिले, "आमची पोरं इथे मॉलमध्ये ट्रॅम्पोलिनवर उड्या मारतात. गावाकडच्या पोरांनाही ते सुख मिळू द्या. एक मोठा ट्रॅम्पोलिन माझ्यातर्फे." हे पत्र मी जपून ठेवले आहे. आपल्या मुलाच्या आनंदात गावाकडचे मूल आठवणे, ही गोष्ट कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवता येत नाही.

तरीही त्या पत्राला मी 'सध्या नको' असे उत्तर दिले. ते उत्तर पत्रातून देण्यापेक्षा समोर उभे राहून द्यावे, म्हणून मी येथे आले. मी व्यायामशिक्षिका नाही, मराठीची शिक्षिका आहे. पण गेली काही वर्षे आमच्या क्रीडाशिक्षकांच्या मागे लागून मी हा विषय समजून घेत आले आहे, कारण पैसे खर्च करण्याच्या कागदावर सही माझी असते.

'तालीम' हा शब्द आपण कुस्तीच्या जागेसाठी वापरतो. मूळ अरबीत त्याचा अर्थ शिक्षण असा आहे. आपल्या पूर्वजांनी व्यायामाच्या जागेला शिक्षणाचेच नाव दिले, आणि त्या जागेत सगळ्यांत जास्त मेहनत जमिनीवर केली. तांबडी माती चाळायची, तीत ताक, तेल, हळद, लिंबू मुरवायचे, रोज फावड्याने हौद उकरायचा. नवख्या पोराला पहिले काही महिने डाव शिकवत नसत, माती उकरायला लावत. आपल्याला ती शिस्त वाटते. तीत शहाणपणही होते. न उकरलेली माती दोन दिवसांत दगडासारखी होते, आणि आपल्या पाठीखाली काय आहे हे ज्याने स्वतः उकरले आहे तोच निर्धास्तपणे पडू शकतो.

जमीन बदलली की खेळ किती बदलतो, याचे उदाहरण आपल्या शेजारच्याच तालुक्यात आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले. मातीत वाढलेला हा मल्ल तेथे गादीवर उतरला. गादीवरच्या कुस्तीचा त्यांना सराव नव्हता, तरी फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. चार वर्षांनी, १९५२ मध्ये, हेलसिंकी येथे बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी लोकांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, हे तुम्हांला ठाऊक आहेच. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसणाऱ्याने ही गोष्ट वर्षातून एकदा तरी आठवावी. आज महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती आणि गादी असे दोन वेगळे विभाग असतात आणि दोहोंचे विजेते शेवटी एकमेकांशी लढतात. पायाखालचा थर बदलला की जणू खेळच दुसरा होतो, ही गोष्ट कुस्तीच्या नियमांनीच मान्य केली आहे.

मल्लखांबाचेही तेच. पेशवे दुसरे बाजीराव यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी या विद्येला पुन्हा जीव दिला, तेव्हा खांबाखाली मातीच होती. पुढे अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये आणि दादरचे समर्थ व्यायाम मंदिर १९२५ मध्ये सुरू झाले. समर्थच्या उदय देशपांडे सरांना २०२४ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या मल्लखांब खेळणाऱ्या मुलींनी शाळेत पेढे वाटायला लावले. दोरीच्या मल्लखांबावर आज मुली ज्या उंचीवर जाऊन आसने करतात, ती उंची पाहिली की माझे लक्ष मुलीकडे नसते, दोरीच्या खाली काय अंथरले आहे इकडे असते.

आता मुद्द्याकडे येते. बाजारात 'जंपिंग मॅट', 'जिम मॅट', 'सेफ्टी मॅट' अशी नावे सरसकट वापरली जातात आणि त्यामुळे एक मोठा घोटाळा होतो. उडीच्या खेळात जमिनीकडून दोन परस्परविरुद्ध कामे हवी असतात. उडी घेताना जमिनीने आपण दिलेला जोर परत द्यावा, म्हणजे उसळी द्यावी. उतरताना तिने तोच जोर गिळून टाकावा, परत देऊ नये. एकाच गादीकडून ही दोन्ही कामे उत्तम होत नाहीत. स्पर्धेत फ्लोअर एक्सरसाइजसाठी जो १२ मीटर लांब, १२ मीटर रुंद मंच असतो, त्यात प्लायवूडच्या खाली स्प्रिंगा किंवा फोमचे ठोकळे, वर फोम आणि त्यावर गालिचा, अशी थरावर थर रचना करून हा तोल साधलेला असतो. व्हॉल्ट, बार, बीम यांच्यापाशी मात्र उतरण्यासाठी २० सेंटिमीटर जाडीच्या स्वतंत्र गाद्या असतात.

जाडीचा एवढा आग्रह का, हे आठवीच्या विज्ञानाने समजते. मुलींचा बॅलन्स बीम ५ मीटर लांब, अवघा १० सेंटिमीटर रुंद आणि १२५ सेंटिमीटर उंच असतो. तेवढ्या उंचीवरून मूल नुसते खाली आले, तरी जमिनीशी पोचताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर असतो. हा वेग २ सेंटिमीटर अंतरात थांबवला, तर शरीरावर सरासरी त्याच्या वजनाच्या साठपटींहून जास्त जोर येतो. तोच वेग १० सेंटिमीटरमध्ये थांबवला, तर तो जोर तेरा-चौदा पटींवर येतो. गुडघे वाकवून उतरायला शिकलेले मूल यातला बराच भाग स्वतःच्या पायांनी सोसते. पण न शिकलेले मूल, घसरलेले मूल, पाठीवर आलेले मूल सोसत नाही, आणि गादी नेमकी त्याच्यासाठी असते.

मग जितकी मऊ तितकी चांगली, असे वाटेल. तसे नाही. फार मऊ गादीत पाऊल रुतते, शरीर मात्र फिरत राहते आणि मुरगळतो तो घोटा किंवा गुडघा. शिवाय मऊ फोम पहिल्या झटक्यातच तळाला टेकला, तर वरची सगळी जाडी फुकट आणि फटका बसतो तो फरशीचाच. म्हणून चांगल्या गादीत बहुधा दोन थर असतात. वर थोडा ताठ, म्हणजे पाऊल तिरके जात नाही. खाली मऊ आणि खोल, म्हणजे वेग हळूहळू मरतो.

तुमच्या वेळी शाळेत काथ्याच्या गाद्या होत्या. जाड कॅनव्हास, कोपऱ्यांना उचलायचे कान. त्यांवर कोलांटउड्या मारून ज्यांच्या पाठी सोलल्या, ते समोर बसून हसत आहेत. त्या गाद्यांनी आपल्याला टणक केले, हे गौरवाने सांगितले जाते. मला तो गौरव पटत नाही. आपल्याला ज्या सोसाव्या लागल्या त्या गोष्टी मुलांनीही सोसाव्यात, असे म्हणायला शाळा कशाला हवी?

एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी एका आंतरशालेय स्पर्धेला आमचा संघ गेला होता. गावाचे आणि संयोजकांचे नाव घेत नाही. सभागृह देखणे होते, फरशी आरशासारखी, गाद्या कोऱ्या करकरीत. पण त्या नुसत्या एकमेकींशेजारी मांडलेल्या होत्या. त्यांना जोडणारी पट्टी नाही आणि खाली घसरण रोखणारा थर नाही. आमच्या शिक्षकांनी सुरू होण्याआधीच हरकत घेतली, तेव्हा 'आजवर काही झाले नाही' असे उत्तर मिळाले. सातवीतली आमची मुलगी छान फिरून उतरली, दोन्ही पाय नेमके सांध्यावर. गाद्या दोन बाजूंना सरकल्या आणि तिचा पाय मधल्या फटीत गेला. घोट्याचे हाड मोडले. संयोजकांनी नंतर लिहून कळवले, की मुलीचे उतरणे सदोष होते.

हाड तीन महिन्यांत जुळले. पण वडिलांनी तिचा खेळ बंद केला, आणि पुढच्या वर्षी तिच्या गल्लीतल्या आणखी चार मुलींची नावे यादीतून कमी झाली. मुलगा पडला तर 'पडेल नि शिकेल' म्हणतात. मुलगी पडली तर लग्नापर्यंतचा हिशेब मांडला जातो. आपल्या भागात मुलींच्या एका मोडलेल्या हाडाची किंमत पाच मुलींच्या खेळाने चुकवावी लागते, म्हणून मी गादीच्या बाबतीत एवढी हट्टी झाले आहे.

काल तुमच्यापैकी तिघांबरोबर मी इथल्या विश्वकर्मा औद्योगिक भागात फोम कापणाऱ्या आणि गाद्या शिवणाऱ्या एका कारखान्यात गेले. मुरलीपुऱ्याला लागूनच हा भाग असल्यामुळे माझी पायपीट वाचली. मालक सज्जन होते. मराठी मास्तरीण फोमची डेन्सिटी विचारते, याचे त्यांना प्रथम आश्चर्य वाटले आणि नंतर चहा आला.

तेथे जे पाहिले आणि आमच्या शिक्षकांकडून जे ऐकले होते, ते ताडून सांगते. एकमेकांत दातेरी कडांनी अडकणारे रंगीत चौकोन असतात, ईव्हीएचे. बालवाडीत दिसतात तेच, थोडे जाड. अंग मोकळे करणे, साधी कोलांटउडी, कमान टाकणे एवढ्यापुरते ते ठीक. उंचीवरून उतरण्यासाठी ते नाहीत. कितीही जाड मिळाले तरी नाहीत. शिवाय उन्हाने हे चौकोन आक्रसतात आणि सांधे उघडे पडतात. आपल्या सभागृहावर पत्रा आहे. वैशाखात त्या पत्र्याखाली काय होते ते तुम्ही जयपूरकरांनी मला शिकवायची गरज नाही आणि मीही तुम्हांला नाही.

पॉलिथिलीन फोमचे रोल येतात, दीड-दोन इंच जाडीचे, वर गालिच्याचा थर चिकटवलेला. हे गुंडाळून ठेवता येतात, पसरले की सलग पट्टा तयार होतो आणि ओळीने कोलांट्या घेण्यासाठी हा पट्टा सर्वांत उपयोगी. मला हा सगळ्यांत आवडला, कारण दोन मुली मिळून तो अंथरू शकतात. जी गादी उचलायला चार शिपाई लागतात ती महिनाभरात भिंतीला उभी राहते आणि मुले फरशीवर उड्या मारू लागतात. गादी निवडताना तिची जाडी सगळे विचारतात, ती रोज कोण उचलणार हे कोणी विचारत नाही.

उतरण्याच्या जाड गाद्या पॉलियुरेथेन फोमच्या. येथे मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. कव्हर शिवून बंद केले, की आत अखंड फोम आहे, तुकडे जोडलेला आहे की चिंध्या कोंबल्या आहेत, हे बाहेरून कळत नाही. फोमच्या तुकड्यांना दाबून चिकटवलेला घट्ट फोम मिळतो, तो तळाच्या थराला चांगला. पण वरच्या मऊ थरात तुकडे नकोत. म्हणून माझी पहिली अट अशी, की प्रत्येक कव्हराला चेन हवी. जो विक्रेता चेन उघडून दाखवायला कुरकुर करील, त्याच्याकडचा चहाही घेऊ नये.

दुसरी परीक्षा तुमच्या धंद्याची आहे. विक्रेता '३२ डेन्सिटी' म्हणतो, म्हणजे एका घनमीटर फोमचे वजन ३२ किलो. २ मीटर लांब, १ मीटर रुंद, २० सेंटिमीटर जाड गादीत ०.४ घनमीटर फोम बसतो. ३२ ने गुणले, की १२.८ किलो. ४० डेन्सिटी असेल तर १६ किलो. कव्हर काढून फोम काट्यावर ठेवला आणि काटा ८ किलो दाखवू लागला, तर तुम्हांला ३२ च्या भावात २० चा माल दिला जात आहे. सोन्याचा टंच काढणाऱ्या माणसांना हे समजावून सांगण्याचा उद्धटपणा मी करीत नाही. मात्र फोमचे सोन्यासारखे नाही, हेही लक्षात घ्या. जास्त डेन्सिटी म्हणजे जास्त कडक असे नव्हे. एकाच वजनाचा फोम मऊही बनवता येतो आणि ताठही. डेन्सिटीवरून तो किती दिवस टिकेल याचा अंदाज येतो, पायाला कसा लागेल याचा नाही.

पायाला कसा लागतो ते पायानेच पाहावे. मी काल चपला काढून, पदर खोचून, एका टाचेवर सगळा भार देऊन गादीवर उभी राहिले. तुमच्यापैकी एकाने त्याचा फोटो काढला आहे, तो स्मरणिकेत छापू नये अशी माझी विनंती आहे. टाचेला खालची फरशी जाणवली तर गादी नापास. मग गोळाफेकीचा गोळा मीटरभर उंचीवरून एकाच जागी वीस वेळा टाकावा आणि आवाज ऐकावा. आवाज बोदा आला तर ठीक, फरशी ठणकली तर नाही. रात्रभर एखादे जड ओझे ठेवून सकाळी खड्डा भरून येतो का तेही पाहावे. गादीच्या कडेवर बसून पाहावे, कारण बऱ्याच गाद्या मध्यभागी उत्तम असतात आणि कडेला ढासळतात. मुले मात्र नेमकी मध्यभागी पडतील, असे वचन कोणी दिलेले नसते.

कव्हर पीव्हीसीच्या लेपाच्या जाड कापडाचे असावे. बाजूंना हवा जाण्यायेण्यासाठी जाळीची भोके असावीत, नाहीतर पडताक्षणी गादी फुग्यासारखी ताठ होते. कडांना लांबीभर वेल्क्रोची पट्टी आणि तळाला न घसरणारे कापड असावे. शेवटच्या दोन गोष्टींवर एक पैसाही कमी करायचा नाही, याचे कारण मी मघाशी सांगितले. आणखी एक. पॉलियुरेथेन फोम फार लवकर पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. गाद्या वायरिंगच्या पाट्याजवळ रचायच्या नाहीत, गणपतीची आरास आणि समया त्या खोलीत ठेवायच्या नाहीत. उंदरांचा बंदोबस्त शाळेतल्या मांजरीवर सोपवता येत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

आता ट्रॅम्पोलिन. या साधनाबद्दल माझ्या मनात राग नाही. अमेरिकेतल्या जॉर्ज निसेन यांनी १९३० च्या दशकात ते घडवले, आणि २००० साली सिडनीपासून ते ऑलिंपिकमध्येही आहे. हवेत शरीर कसे फिरते याची जाण त्यावर लवकर येते. पण प्रशिक्षक शेजारी उभा आहे, एका वेळी एकच मूल वर आहे आणि सभोवती पुरेशी गादी आहे, हे तिन्ही असेल तरच. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये सांगितले, की ट्रॅम्पोलिनवरच्या सुमारे तीन-चतुर्थांश दुखापती एकाच वेळी अनेकजण उड्या मारत असताना होतात, आणि त्यांत सर्वांत लहान मुलाला सर्वांत जास्त धोका असतो. जड मुलाची उसळी हलक्या मुलाला भिरकावते. आपल्या शाळेत एका तासाला पन्नास मुले असतात. त्या पन्नासांना रांगेत उभे करून एकेकाला वर सोडायचे, तर प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटभरही येत नाही, आणि रांग मोडली की अपघात आला.

याहून खोल कारण निराळे आहे. उसळी उधार मिळते. ट्रॅम्पोलिनवर वा हवा भरलेल्या लांब ट्रॅकवर मूल आठ दिवसांत अशी उलटी मारते, की पाहणाऱ्याने टाळ्या वाजवाव्यात. ती उंची त्याच्या पोटऱ्यांची नसते, साधनाची असते. तेच मूल घरी अंगणात, शेतातल्या बांधावर तीच उलटी मारायला जाते, आणि जमीन उधार देत नाही. हवेच्या ट्रॅकचा खरा उपयोग मी नाकारत नाही. तीच कोलांटी शंभरदा करताना मनगटे आणि घोटे वाचतात, हवा कमी-जास्त करून कठीणपणा बदलता येतो. पण तो ज्यांना जमिनीवर ती कोलांटी येते त्यांच्यासाठी आहे. येत नाही त्यांच्यासाठी नाही.

कोणी म्हणेल, बाई भित्र्या आहेत. अभाव आणि धाडस यांची जोडी मीही पाहिली आहे. आगरतळ्याची दीपा कर्माकर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टच्या अंतिम फेरीत १५.०६६ गुण मिळवून चौथी आली. कांस्यपदक ०.१५० गुणांनी हुकले. तिने निवडलेला प्रोदुनोवा हा प्रकार जगातल्या सर्वांत कठीण प्रकारांपैकी एक. सुरुवातीला साधने नव्हती तेव्हा तिच्या गुरूंनी टाकाऊ स्कूटरच्या भागांतून सोय केली, हे वर्तमानपत्रांतून आपण वाचले. ते वाचून आपली छाती फुलते, पण त्यातून 'जुगाडावरही पदक मिळते' असा धडा काढणे मला धोक्याचे वाटते. एका दीपामागे जुगाडावर पडून खेळ सोडलेल्या मुलींची नावे कोणी छापत नाही.

दुसरे नाव ज्युलिसा गोमेझचे. अमेरिकेची ही मुलगी १९८८ मध्ये टोकियोत व्हॉल्टसाठी धावत आली. उलट्या पावलांनी स्प्रिंगबोर्डवर येण्याचा तो प्रकार. पाय बोर्डवरून चुकला, डोके साधनावर आदळले आणि तिचे सर्व शरीर लुळे पडले. १९९१ मध्ये ती गेली, तेव्हा अठरा वर्षांची होती. पुढे त्या प्रकारच्या उडीसाठी बोर्डाभोवती इंग्रजी 'यू'च्या आकाराची गादी घालणे सक्तीचे झाले. एक साधी, स्वस्त, वाकडी गादी. तिच्याआधी ती कोणाला सुचली नव्हती असे नाही, पण आवश्यक वाटली नव्हती. आणि २००० साली सिडनीत, ऑलिंपिकसारख्या ठिकाणी, मुलींच्या व्हॉल्टचे साधन ५ सेंटिमीटर कमी उंचीवर लावले गेले होते आणि एकीमागून एक मुली पडल्या, तेव्हा कुठे ते लक्षात आले. तेथे टेपने मोजायचे राहून जाते, तर आपल्याकडे रोज मोजले पाहिजे.

म्हणून तुमच्या देणगीतून काय घ्यायचे याचा क्रम मी सांगते, आणि तो तुम्हांला नीरस वाटेल. आधी फरशीवर कायमचा न घसरणारा थर आणि पॉलिथिलीन फोमचे रोल. मग उतरण्याच्या २० सेंटिमीटरच्या गाद्या. मग मल्लखांबासाठी, खांबाला बिलगून बसतील अशा अर्धवर्तुळ कापलेल्या गाद्या, कारण खांबाच्या बुंध्यापाशी चौकोनी गाद्या मांडल्या की नेमकी तिथेच उघडी जमीन राहते. सभागृहातल्या चार खांबांना आणि खिडकीखालच्या भिंतीला उशा. एवढे झाल्यावर पैसे उरले तर स्प्रिंगबोर्ड. मैदानातला मातीचा हौद बुजवायचा नाही. तो मुलांचा आणि मुलींचा दोघांचाही राहील आणि उकरण्याची पाळी वर्गवार लागेल. हवेचा ट्रॅक दोन वर्षांनी, आमच्या शिक्षकांचे रीतसर प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर. ट्रॅम्पोलिनचा विषय त्यानंतर काढू, आणि तेव्हा मी निवृत्तीला आलेली असेन, म्हणजे पत्रलेखकाला माझ्या जागी येणाऱ्या बाईंशी पुन्हा भांडायची संधी आहे.

मला कळते, की यातल्या कोणत्याही वस्तूवर तुमचे नाव शोभून दिसणार नाही. ट्रॅम्पोलिनच्या चौकटीवर पितळी पाटी बसते. गादीवर आईवडिलांचे नाव घातले, तर मुले त्यावर पाय देतील, आणि आपल्याला ते सोसणार नाही. यावर आमच्या लिपिकांनी तोडगा काढला आहे. सभागृहाच्या दाराशी एक फळा राहील. त्यावर प्रत्येक गादीचा क्रमांक, ती देणाऱ्याचे नाव, घेतल्याची तारीख आणि दर सहा महिन्यांनी केलेल्या तपासणीची नोंद असेल. गादी बसकी झाली, की ती काढून टाकायची आणि त्या नावापुढे तसे लिहायचे. म्हणजे नाव पुन्हा कोरे होईल आणि तुम्हांला पुन्हा पत्र येईल. हसण्यावारी नेऊ नका, पत्र खरेच येईल. फोम काही जन्मभर टिकत नाही.

काल पाहिलेल्या कारखान्याने दोन नमुने द्यायचे कबूल केले आहे. उद्या सकाळी दहा वाजता आपल्यापैकी कोणी मोठा काटा घेऊन यावे, छोटा सोन्याचा नव्हे. कव्हरे उघडून वजन करू, गोळा टाकून पाहू आणि मग भावाचे बोलू. दुसऱ्या दोन ठिकाणचे दरही मागवले आहेत, शाळेच्या नियमाप्रमाणे तीन दरपत्रके लागतात. माल ठरला तर ट्रक भरताना गाद्या आडव्या आणि सपाट रचल्या जातील, दोरीने मध्येच आवळल्या जाणार नाहीत, एवढे पाहायला येथला कोणीतरी उभा राहावा. आवळलेल्या फोमला पडलेली घडी विट्यापर्यंतच्या प्रवासात कायमची होते.